पिंजऱ्यातला प्रेक्षक
(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, जुहूच्या किनाऱ्यावर सायंकाळी हवा खावयास येणाऱ्या मंडळींस समुद्र हा बहुधा दुरून पाहण्याचाच विषय असतो. भेळेची पुडी हाती घ्यावी, वाळूत पाय पसरून बसावे आणि सूर्यबिंब पाण्यात शिरले की चपला झटकून घरची वाट धरावी, एवढाच त्याचा आपला संबंध. मी या किनाऱ्यापासून पाच मिनिटांच्या अंतरावर उभा जन्म काढला. तेहतीस वर्षे मुलांना भूगोल व सृष्टिविज्ञान शिकविले. परंतु समुद्राच्या पोटात काय आहे ते पाहण्यासाठी माझे डोके पाण्याखाली गेले ते वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, आणि तेही येथून हजारो मैल दूर, ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस, धातूच्या एका पिंजऱ्यात उभे राहून. त्या पिंजऱ्याची हकीकत आज सांगावयाची आहे. पण तिच्याआधी शाळेतल्या एका बाकाची हकीकत सांगणे मला भाग आहे.

गोष्ट 1986 सालची. मी नुकताच शिक्षक झालो होतो. मॅट्रिकनंतर शिक्षणशास्त्राची पदविका घेतलेली, अंगात उत्साह पुष्कळ आणि ज्ञान बेताचे. जलचरांचा पाठ चालला होता. फळ्यावर मी एका अक्राळविक्राळ माशाचे चित्र काढले, त्याच्या जबड्यात करवतीसारखे दात दाखविले आणि गंभीर आवाजात सांगितले, ‘हा शार्क. हा नरभक्षक आहे. माणूस दिसला की त्याने झडप घातलीच म्हणून समजा.’ माझे हे ज्ञान कोठून आले होते म्हणाल, तर एका इंग्रजी चित्रपटातून. वर्गात जुहू कोळीवाड्यातला एक मुलगा होता. तो उठून म्हणाला, ‘गुरुजी, म्हणजे मुशीच ना? ती आमच्या घरी रोज येते. ती कुठे माणसाला खाते? आपणच तिला खातो.’ सारा वर्ग हसला. मला तो उद्धटपणा वाटला. मी त्या मुलाला तासभर बाकावर उभे केले. तो निमूटपणे उभा राहिला, आणि मी पुढचा पाठ घेतला.

श्रोतेहो, तो मुलगा बरोबर होता. ‘शार्क’ हा शब्द उच्चारला की आपल्यापुढे राक्षस उभा राहतो, आणि ‘मुशी’ म्हटले की कालवण आठवते. दोन्ही एकाच कुळातली, हे आपल्या ध्यानीही येत नाही. आपली कोळीण जिला मुशी म्हणते व मालवणाकडे जिला मोरी म्हणतात, ती शार्कच होय. बाळंतिणीला दूध यावे म्हणून तिचा रस्सा देण्याची चाल आपल्या किनाऱ्यावर कितीतरी पिढ्यांची आहे. जगात शार्कच्या पाचशेहून अधिक जाती आहेत. त्यांतली आपल्या बाजारात नित्य दिसणारी लहान मुशी जेमतेम दोन-सव्वादोन फूट वाढते, तर दुसऱ्या टोकाला व्हेल शार्क हा जगातला सर्वांत मोठा मासा आहे. या साऱ्या कुळाच्या अंगात हाड म्हणून नाहीच. सगळा सांगाडा कूर्चेचा, म्हणजे आपल्या कानात असते तशा लवचीक द्रव्याचा. पृथ्वीवर डायनोसॉर अवतरण्यापूर्वी कोट्यवधी वर्षे हे कुळ समुद्रात नांदत होते.

ज्या एका जातीमुळे हे सगळे कुळ बदनाम झाले, ती मात्र आपल्या कोमट किनाऱ्याची रहिवासी नव्हे. तिला इंग्रजीत ग्रेट व्हाइट म्हणतात. आपण तिला पांढरी मुशी म्हणू. थंड व समशीतोष्ण समुद्रांत ती राहते. मादी वीस फुटांच्या घरात वाढू शकते. पाठ करडी व पोट पांढरेशुभ्र, त्यावरून हे नाव पडले. माझी कन्या अ‍ॅडलेड शहरी असते. गेल्या वर्षी तिच्याकडे गेलो असता जावयांनी विचारले, ‘बाबा, पांढरी मुशी पाहावयास येता का?’ मला तो बाकावरचा मुलगा आठवला आणि मी ‘येतो’ म्हणून गेलो. कन्येने मात्र बजावले, ‘बाबा, तुम्ही नुसते बोटीवर बसा. पाण्यात उतरायचे नाही हं.’

पोर्ट लिंकन नावाच्या बंदरातून आमची बोट रात्री निघाली. ही मुक्कामाची बोट; खाणे, झोपणे, सर्व तिच्यावरच, आणि तीन दिवस जमिनीला पाय लावावयाचा नाही. पहाटे आम्ही नेपच्यून बेटांपाशी नांगर टाकला. ही बेटे म्हणजे उघडेबोडके खडक. त्यांवर सीलांचे कळपच्या कळप पहुडलेले असतात आणि त्या सीलांसाठीच पांढरी मुशी तेथे येते. पहिल्या रात्री बोट अशी काही हेलकावत होती की पोटातले सर्व अन्न मी समुद्रास अर्पण केले. दुसरे दिवशी पिंजरा पाण्यात सोडून सगळे जण सबंध दिवस वाट पाहत बसलो. सील आले, समुद्रपक्षी आले, मुशी मात्र आली नाही. बोटीचा तांडेल शांतपणे म्हणाला, ‘हे प्राणिसंग्रहालय नव्हे. यायचे की नाही ते तिने ठरवायचे.’

त्या निवांत वेळात या पिंजऱ्याचा इतिहास मला ऐकावयास मिळाला. 1963 साली रॉडनी फॉक्स नावाचा अ‍ॅडलेडचा तरुण भाल्याने मासे मारण्याच्या स्पर्धेत उतरला होता. पांढऱ्या मुशीने त्याचे अंग छातीपासून पाठीपर्यंत जबड्यात धरले. फासळ्या मोडल्या, फुप्फुस उघडे पडले, आणि शेकडो टाके घालून डॉक्टरांनी त्याचा जीव वाचविला. अशा माणसाने पुढे काय करावे? सूड घ्यावा, असे आपण म्हणू. प्रथम त्याच्याही मनात तसेच काही असेल. परंतु प्राणिसंग्रहालयात सिंहाच्या पिंजऱ्यासमोर उभा असता त्याला निराळीच कल्पना सुचली, असे सांगतात. सिंह आत व माणूस बाहेर हा क्रम उलटा केला तर? माणसाने पिंजऱ्यात जावे आणि मुशीने मोकळे राहावे. त्यातून पुढे या मोहिमा निघाल्या आणि ज्या प्राण्याने त्याला फाडले होते त्याच प्राण्याचा अभ्यास व बचाव हे त्याने आयुष्याचे कार्य केले.

1975 साली निघालेल्या ‘जॉज’ या चित्रपटासाठी खऱ्या मुशीचे छायाचित्रण याच समुद्रात झाले. रॉन टेलर व व्हॅलरी टेलर या दांपत्याने ते केले. त्यातली एक गंमत सांगण्यासारखी आहे. चित्रपटातली मुशी पंचवीस फुटांची दाखवावयाची होती, आणि खरी तेवढी मोठी नव्हती. तेव्हा नेहमीपेक्षा लहान पिंजरा बनविला आणि आत एक ठेंगणा माणूस घालण्याची युक्ती केली, म्हणजे बाहेरची मुशी राक्षसासारखी दिसावी! मी हे ऐकले आणि मनातल्या मनात ओशाळलो. ज्या चित्राच्या आधारे मी नरभक्षकाचा पाठ दिला, त्यातली मुशीची लांबीदेखील खरी नव्हती. ज्याच्या कादंबरीवरून तो चित्रपट निघाला, त्या पीटर बेंचलीसही पुढे पश्चात्ताप झाला. 2006 साली तो निवर्तला. परंतु त्यापूर्वी अनेक वर्षे तो शार्कच्या रक्षणासाठी लिहीत व बोलत होता. मोठ्या माणसास आपली चूक जगापुढे कबूल करता आली, हे ऐकून मला थोडा धीर आला.

तिसरे दिवशी सकाळी गडबड उडाली. कोणीतरी ओरडले, पाण्यात एक काळसर सावली दिसली आणि कन्येची ताकीद विसरून मी रबरी पोशाख चढवू लागलो. कमरेला शिशाचा जड पट्टा बांधला, वरून येणाऱ्या हवेची नळी तोंडात धरली आणि पिंजऱ्यात उतरलो. थंडीने प्रथम श्वासच अडकला. हिरवट अंधूक पाणी, स्वतःच्या श्वासाचा घरघर आवाज, आणि समोर काहीही नाही. मग त्या ‘काहीही नाही’तून ती आली.

ती कशी दिसली? माझ्या फळ्यावरच्या चित्रासारखी मुळीच नव्हे. तिला घाई नव्हती. शेपटीचा एखादाच संथ हेलकावा, आणि सारे अवजड शरीर तेलावरून घसरावे तसे पुढे येई. बारा-तेरा फुटांची असावी. दोरीला लटकविलेल्या कुपा माशाच्या तुकड्याकडे तिने पाहिले न पाहिलेसे केले आणि पिंजऱ्याच्या बाजूने, माझ्यापासून दोन हातांवरून ती गेली. जाताना तिचा काळाभोर डोळा माझ्यावर फिरला. त्यात क्रोध नव्हता आणि भूकही दिसली नाही. रस्त्याने जाणाऱ्या गृहस्थाने दुसऱ्याच्या उघड्या खिडकीकडे सहज पाहावे, तसे ते पाहणे होते. एकंदर पाच वेळा तिने फेरी मारली आणि मग खाली अंधारात उतरून गेली. मी गज घट्ट धरून उभा होतो. भय वाटले नाही असे म्हणालो तर ते खोटे ठरेल. पण भयापेक्षा मोठी अशी एक लाज वाटली. ज्याला कधी पाहिले नाही त्याच्याविषयी मी तेहतीस वर्षे मुलांना छातीठोकपणे सांगत आलो होतो.

आता या पिंजऱ्याच्या धंद्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण मी त्याची जाहिरात करावयास बसलेलो नाही. पाण्यात रक्त व माशांचा चुरा सोडून रानटी जनावराला बोलवावे की नाही, याविषयी शहाण्यासुरत्या माणसांत मतभेद आहेत. नेपच्यून बेटांपाशी मोजक्याच बोटींना परवाना मिळतो आणि आमिष टाकण्यावर सरकारी निर्बंध आहेत. मेक्सिकोच्या ग्वाडालुपे बेटापाशीही अशाच मुक्कामाच्या बोटी जात असत. तेथे 2016 साली आमिषावर झेपावलेली मुशी गज मोडून थेट पिंजऱ्यात शिरली. आतला माणूस सुदैवाने सुखरूप बाहेर आला. 2019 साली आणखी एका मुशीचे डोके गजांत अडकून ती भयंकर जखमी झाली. अखेरीस 2023 च्या आरंभी मेक्सिको सरकारने तेथील हा व्यवहार सर्वस्वी बंद केला. पाहुण्याने पाहुण्यासारखे वागावे, एवढाच याचा बोध.

दक्षिण आफ्रिकेने 1991 साली पांढऱ्या मुशीला कायद्याचे संरक्षण दिले. पुढे गान्सबाई हे गाव तिच्या दर्शनासाठी जगभर प्रसिद्ध झाले. परंतु 2017 पासून तेथे किलर व्हेल मुशींना मारू लागले. त्यांना फक्त तिचे यकृत हवे असते. तेवढे खाऊन उरलेले धूड ते सोडून देतात. मुशींनी तो किनारा जवळजवळ सोडला. म्हणजे जिला आपण समुद्राची सम्राज्ञी समजत होतो, तिलाही पळून जाण्याचा प्रसंग येतो. पांढऱ्या मुशीची मादी पिले देण्याजोगी होण्यास तीस वर्षांच्या आसपास लागतात, आणि एका वेळी होणारी पिले मोजकीच. अशा प्राण्याची संख्या एकदा घटली की ती भरून येण्यास माणसाच्या दोन पिढ्या जाव्यात.

शिक्षकाची सवय, म्हणून दोन आकडे सांगतो. फ्लॉरिडातील एका विद्यापीठीय संग्रहालयात जगभरच्या शार्क-हल्ल्यांची नोंद ठेवली जाते. माणसाने छेड न काढता झालेले असे हल्ले 2024 साली सगळ्या जगात 47 नोंदले गेले. उलट बाजूस, शास्त्रज्ञांच्या अंदाजाप्रमाणे 2019 या एका वर्षी मासेमारीत मेलेल्या शार्कांची संख्या सुमारे आठ कोटी. कोणी कोणास भ्यावे, हा हिशेब चौथीच्या मुलासही करता येईल. याचा अर्थ मुशी निरुपद्रवी आहे असा नव्हे. 2024 च्या फेब्रुवारीत पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत एका तरुणास मुशीने गंभीर इजा केली, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले असेल. खाडीच्या निमखाऱ्या पाण्यात, नदीतही, शिरणारी एक जात आहे, तेव्हा सावध राहावयासच हवे. तथापि सावधगिरी निराळी आणि द्वेष निराळा. आपण नागाला जपून असतो. तरी नागपंचमी विसरत नाही.

आणि सुदैवाने भय व लोभ दोन्ही मागे पडल्याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. गुजरातच्या किनाऱ्यावर पूर्वी व्हेल शार्कची मोठी शिकार चाले. तिच्या अंगाला पिंपे बांधून तिला दमवीत, म्हणून कोळी तिला ‘बॅरल’च म्हणत. माइक पांडे यांनी 2000 साली त्या कत्तलीचा बोलपट काढला, आणि 2001 च्या मे महिन्यात भारत सरकारने या माशाला वाघाइतकेच संरक्षण दिले. परंतु नुसत्या कायद्याने मन पालटत नाही. 2004 साली मोरारी बापूंनी कोळ्यांना समजाविले, की ही तर बाळंतपणाला माहेरी आलेली लेक! लेकीला कोण मारील? तिचे नाव ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, असे पडले, आणि ज्या हातांनी तिची शिकार होई त्यांनीच पुढे आपली महागडी जाळी कापून शेकडो व्हाली सोडून दिल्या. आपल्या महाराष्ट्रातही 2018 च्या अखेरीस एक योजना निघाली. जाळ्यात सापडलेले संरक्षित जलचर सोडण्यासाठी कोळ्याने जाळे कापले, तर त्यास पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पिंजऱ्यात उतरण्याकरिता पैसे मोजणाऱ्या माझ्यासारख्यापेक्षा, हातातले जाळे कापणारा तो कोळी मला कितीतरी मोठा वाटतो.

ऑस्ट्रेलियाहून परतल्यावर मी कोळीवाड्यात गेलो. बाकावर उभा राहिलेला तो मुलगा आता पन्नाशीजवळ आला आहे. स्वतःची होडी आहे, नातवंड झाले आहे. मला पाहताच ओट्यावर चटई पसरून म्हणाला, ‘गुरुजी, या. पाय दुखत असतील, टेका.’ मी त्याला सगळे सांगितले आणि म्हणालो, ‘अरे, त्या दिवशी तू बरोबर होतास. शिक्षा मला व्हावयास हवी होती.’ तो जरा वेळ गप्प राहिला. मग हसून म्हणाला, ‘आठवतंय ना गुरुजी. पण बाकावरून खिडकीतला समुद्र दिसत होता, म्हणून मला काही वाटलं नाही.’

मग तो आपण होऊन बोलू लागला. त्याच्या वडिलांना मोठ्या मुशी जवळच मिळत; आता दूर जावे लागते, तरी हाती लहानच येतात. जाळ्यात कधीकधी कानमुशीची पिले येतात. हातोड्यासारख्या डोक्याची ही जात जगभर नष्ट होण्याच्या पंथाला लागली आहे. ‘जिवंत असलं तर सोडतो, गुरुजी. पण बहुतेक मेलेलंच येतं. मेलेलं पाण्यात टाकून काय उपयोग? बाजारात जातं. तुम्ही शहरातले लोक घेतच राहिलात तर पुढच्या वेळी जिवंत सोडायला कुणाचा हात वळेल?’ या प्रश्नाला माझ्यापाशी तयार उत्तर नव्हते, आणि या खेपेस मी त्याला बाकावर उभे केले नाही.

म्हणून, श्रोतेहो, एवढीच विनंती. बाजारात गेलात तर कोळणीला विचारा, ‘ही मुशी कोणती? कानमुशीचे पिलू तर नाही ना?’ तिला ते नक्की माहीत असते. आपण विचारत नाही म्हणून ती सांगत नाही. कानमुशीचे पिलू असले तर घेऊ नका. घरी बाळंतीण असेल तर लहान जातीच्या मुशीने तिचे भागेल. आणि आपल्या मुलांनी शार्कचे चित्र काढले, तर दात काढण्याच्या आधी त्यांना एकदा कोळीवाड्याच्या बंदरावर घेऊन जा. तेथे पिंजरा लागत नाही. कोणीतरी जाणता माणूस जाळे दुरुस्त करीत बसलेला असतो, त्याला विचारले म्हणजे पुरे.